विजेच्या तारेतून वणवा कसा पेटतो? महाड-पोलादपूरच्या डोंगरांत तो रोखायचा तर काय करावं लागेल?

फेब्रुवारी उजाडला की महाड आणि पोलादपूरच्या डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसू लागतात. सकाळी डोंगराचा तेवढा भाग काळा झालेला असतो. मग गावात एकच प्रश्न असतो, वणवा लावला कुणी?

संशयितांची यादी ठरलेली असते. शिकारी, राब भाजणारा शेतकरी, विडीचं थोटूक फेकणारा वाटसरू, किंवा 'जाळलं की गवत जोमानं येतं' असं मानणारा कुणीतरी. बहुतेक वेळा खरं उत्तर याच यादीत सापडतं, कारण भारतातले बहुतांश वणवे माणसामुळेच लागतात.

पण या यादीत आणखी एक नाव असायला हवं आणि ते अनेकदा सुटतं. ते म्हणजे डोंगरउतारावरून, बागेवरून, वाळलेल्या गवतावरून गेलेली विजेची तार.

तारेमुळे लागलेली आग इतर वणव्यांपेक्षा एका बाबतीत वेगळी असते. ती कुठे लागू शकते, हे आधीच सांगता येतं. विडी कोण कुठे फेकेल ते कुणालाच माहीत नसतं, पण कोणत्या दोन खांबांमधली तार लोंबकळते आहे ते अख्ख्या गावाला माहीत असतं. म्हणूनच ही आग टाळणं तुलनेनं सोपं आहे.

तुडीलसारख्या गावांत धोका जास्त का?

तुडील हे महाड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातलं गाव. सावित्रीची खाडी, तिच्या दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये भातखाचरं आणि वर आंबा-काजूच्या बागा, अशी या भागाची रचना आहे. वस्ती एकगठ्ठा नाही, ती वाड्या-वाड्यांत विखुरलेली आहे.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मग इथे आग कशी लागते? खरं तर त्या पावसामुळेच. चार महिन्यांत गवत कमरेएवढं वाढतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पार वाळून जातं.

पूर्वी हे गवत गुरांसाठी कापलं जायचं. आता गुरं कमी झाली आहेत. घरातली कमावती माणसं मुंबईला किंवा आखातात आहेत आणि अनेक शेतं पडीक आहेत. त्यामुळे गवत उभंच राहतं आणि आग लागली तर विझवायला धावणारे हातही कमी असतात.

त्यात उन्हाळाही कडक असतो. याच रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं आणि या छोट्या गावाचं नाव देशभरातल्या बातम्यांत आलं. किनाऱ्यालगतचा जिल्हा म्हणजे सौम्य हवा, हा समज डोंगराच्या कुशीतल्या गावांना लागू होत नाही.

या सगळ्यावरून वीज जाते. उपकेंद्रातून ११ किंवा २२ हजार व्होल्टची उच्चदाब वाहिनी निघते, वाटेत डीपी म्हणजे रोहित्र लागतं आणि तिथून घरांपर्यंत लघुदाबाच्या तारा जातात. वाडी जितकी दूर, तितकी तार लांब आणि तितका तिचा मार्ग निर्जन.

तारेतून ठिणगी पडते कशी?

याचे मुख्य प्रकार पाच आहेत.

१. तारेला तार घासते. लघुदाब वाहिनीच्या उघड्या तारा एकमेकींपासून थोड्याच अंतरावर असतात. त्या सैल झाल्या की वाऱ्यात एकमेकींना लागतात. त्या क्षणी ॲल्युमिनियम वितळून त्याचे थेंब खाली पडतात. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं, आणि सुकं गवत पेटायला त्याच्या निम्म्याहून कमी तापमान पुरतं.

२. फांदी तारेला लागते. पावसाळ्यात वाढलेली फांदी वाऱ्यानं हलते, तारेला टेकते, जळते आणि पेटती पानं-काटक्या खाली पडतात.

३. तार तुटते. जुनी तार, गंजलेला जोड किंवा वर कोसळलेलं झाड ही त्याची कारणं. खाडीजवळच्या खाऱ्या हवेत धातू लवकर खराब होतो.

४. डीपीवर फ्यूज उडतो. उच्चदाबाच्या बाजूला असलेला डीओ फ्यूज उडतो तेव्हा त्यातून गरम कण बाहेर फेकले जातात. डीपीखाली सुकं गवत असेल तर आग तिथूनच सुरू होते.

५. पक्षी, माकड किंवा वेल. तार आणि खांब यांच्यात ते पूल बनतात. जळालेला पक्षी खाली गवतात पडतो. खांबावर चढलेली वेलही हेच काम करते.

यात उन्हाचा वाटा किती, ते एका ढोबळ गणितानं कळेल. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर आहे आणि तारेचं तापमान सकाळपेक्षा दुपारी ३० अंशांनी वाढलं, असं समजा. तार लांबते जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. पण तेवढ्यानं तिचा झोळ ३०-४० सेंटिमीटरनं वाढू शकतो. म्हणजे गवत सर्वात सुकं असतं आणि वारा सुटलेला असतो, त्याच दुपारी तार सर्वात खाली आलेली असते.

मग फ्यूज किंवा ब्रेकर वीज तोडत का नाही?

तार तुटून जमिनीवर पडली की वीज आपोआप बंद होते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात दर वेळी तसं होत नाही.

ब्रेकरला दोष कळतो तो प्रवाह अचानक खूप वाढल्यावर. ओल्या मातीत पडलेल्या तारेतून पुरेसा प्रवाह जमिनीत जातो. पण कातळावर, जांभ्यावर किंवा सुक्या गवतावर पडलेल्या तारेतून तो फारच थोडा जातो. उपकेंद्राच्या दृष्टीनं तो एखाद्या साध्या जोडणीएवढाच असतो. तिकडे काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि इकडे तार ठिणग्या टाकत पडून राहते.

दुसरी अडचण आहे पुन्हा वीज सोडण्याची. फीडर ट्रिप झाला की काही वेळानं तो चालू करून पाहिला जातो. पावसाळ्यात यात चूक नाही, कारण अनेकदा फांदी क्षणभर लागून बाजूला झालेली असते. पण मार्च-एप्रिलमध्ये तार गवतात पडलेली असेल, तर पहिल्या वेळी न पेटलेली आग दुसऱ्या प्रयत्नात पेटते.

किती वणवे तारांमुळे लागतात, याचा आकडा का मिळत नाही?

यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण उपग्रहाच्या मर्यादेचं. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या मदतीनं आगी टिपते आणि वनखात्याला संदेश पाठवते. देशातल्या वनाच्छादनापैकी ३६ टक्क्यांहून अधिक भाग वारंवार आगी लागण्याच्या धोक्यात आहे, असा या संस्थेचा अंदाज आहे. पण उपग्रहाला आग कुठे आहे तेवढं दिसतं, ती कशामुळे लागली ते दिसत नाही. कारण शोधायचं तर जागेवर जावं लागतं. शिवाय कोकणात डोंगरउताराची बरीच जमीन खासगी मालकीची आहे. तिथली आग वनखात्याच्या नोंदीत येईलच असं नाही.

दुसरं कारण कायद्यात आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ नुसार विजेमुळे अपघात झाला तर वीज कंपनीनं तो कळवायचा असतो आणि त्याची चौकशी होऊ शकते. पण या कलमाचा भर माणूस किंवा जनावर दगावणं, जखमी होणं किंवा तशी शक्यता असणं यावर आहे. डोंगरावरचं गवत, दहा वर्षं वाढवलेली काजूची बाग किंवा पेंढ्याची उडवी जळणं त्यात थेट बसत नाही.

म्हणजे जीव गेला तर नोंद होते, नाही तर ती आग 'वणवा' या एका शब्दात मिसळून जाते. जे मोजलंच जात नाही त्यासाठी पैसे मागणंही अवघड होतं.

पश्चिम महाराष्ट्रात ही समस्या जास्त दिसते, कारण तिथे पीक वेगळं आहे. लोंबकळणाऱ्या तारांमुळे ऊस पेटल्याच्या बातम्या कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातून दर हंगामात येतात. उसाचा मालक ठरलेला असतो, किंमत ठरलेली असते, त्यामुळे पंचनामा होतो. डोंगरावरच्या गवताचा पंचनामा कोण करणार?

जगात काय घडलं?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी एकाच दिवशी लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. शाही आयोगानं चौकशी केली, तेव्हा त्या दिवशीच्या ११ मोठ्या आगींपैकी ५ आगी वीज यंत्रणेतल्या बिघाडामुळे लागल्याचं समोर आलं. सर्वात भीषण ठरलेली किलमोर ईस्टची आग एका दरीवरून गेलेली तार तुटून लागली होती. त्या एका आगीत ११९ जणांचा जीव गेला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी जळून खाक झालं. ८५ बळी गेले. सुमारे शंभर वर्षं जुन्या मनोऱ्यावरचा झिजलेला आकडा तुटला आणि तार सुटली, हे त्याचं कारण होतं. 'पीजी अँड ई' या वीज कंपनीनं २०२० मध्ये न्यायालयात ८४ मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला.

हवाईतल्या लाहाईना शहराची गोष्ट कोकणाला जास्त जवळची आहे. ८ ऑगस्ट २०२३ च्या आगीत तिथे शंभरहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. सकाळी तुटलेल्या तारांमध्ये पुन्हा वीज सोडली गेली आणि खालचं गवत पेटलं, असं तपासात दिसलं. आग विझल्यासारखी वाटली, पण दुपारी वाऱ्यानं ती पुन्हा भडकली. एकेकाळी ऊस आणि अननस पिकणाऱ्या तिथल्या जमिनी पडीक होत्या आणि त्यावर सुकं गवत माजलं होतं. पडीक जमीन, उभं गवत आणि वरून तार हे चित्र खाडीपट्ट्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

अर्थात फरकही मोठा आहे. महाड-पोलादपूरच्या वणव्यात अख्खं शहर जळत नाही. इथे गोठे, उडव्या, बागा, पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपलाइन, पक्ष्यांची घरटी आणि मातीवरचं आच्छादन जळतं. हे नुकसान मोठ्या बातमीचं होत नाही, पण ते दरवर्षी होतं.

आणि हा भाग दरडींचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. त्या दुर्घटनेचं कारण अतिवृष्टी होतं, तिचा वणव्याशी संबंध जोडता येत नाही. पण मे महिन्यात बोडका झालेला डोंगर जूनच्या पहिल्या पावसात माती धरून ठेवू शकत नाही, हे उघड आहे.

स्वस्तात काय करता येईल?

ऑस्ट्रेलियातल्या आयोगाच्या शिफारशींमध्ये काही खूप महागड्या होत्या आणि काही अगदी साध्या. साध्या शिफारशी इथेही लागू पडतात.

स्पेसर बसवणं. ज्या तारा एकमेकींना घासतात, त्यांच्यात अंतर राखणारे तुकडे बसवायचे. आयोगानंही तारा घासल्याचा इतिहास असलेल्या ठिकाणी असे तुकडे लावायला सांगितलं होतं. महावितरणच्या कर्मचाऱ्यांना हे काम नवं नाही.

पुन्हा वीज सोडण्याचा नियम बदलणं. आगीचा धोका सर्वाधिक असलेल्या सहा आठवड्यांत एकेरी तारेच्या ग्रामीण वाहिन्यांवर आपोआप पुन्हा वीज सोडणारी सोय बंद ठेवा आणि अतिधोक्याच्या दिवशी २२ हजार व्होल्टच्या वाहिन्यांवर एकच प्रयत्न करा, असं आयोगानं म्हटलं होतं. कोकणातही मार्च ते मे दरम्यान डोंगरातला फीडर ट्रिप झाला, तर वाहिनी पाहून आल्याशिवाय ती चालू न करण्याचा नियम करता येईल. याला यंत्र लागत नाही, वेळ आणि माणसं लागतात.

डीपी आणि खांबाखालचं गवत काढणं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं. तसाच डीपीभोवती काही मीटरचा गोल साफ ठेवला, तर फ्यूज उडाला तरी ठिणगी मातीत पडेल.

वेळापत्रक बदलणं. सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. फांद्या तोडणं, तारा ओढून घेणं, जोड तपासणं ही 'मान्सूनपूर्व' कामं साधारण एप्रिल-मे महिन्यांत होतात. पावसासाठी ते योग्यच आहे. पण वणव्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. म्हणजे तारांची दुरुस्ती होते तोवर आगीचे दिवस जवळपास संपलेले असतात. जंगलातून आणि गवतातून जाणाऱ्या मोजक्या वाहिन्यांची एक फेरी डिसेंबर-जानेवारीत झाली, तर त्याच माणसांच्या त्याच कामातून दुप्पट फायदा होईल.

आणि महाग उपाय?

उघड्या तारेऐवजी आवरण असलेली एबी केबल टाकली की तारा घासण्याचा आणि फांदी लागण्याचा धोका खूपच कमी होतो. भूमिगत केबल त्याहून सुरक्षित, पण उघड्या वाहिनीपेक्षा ती कित्येक पट महाग पडते. कातळ फोडून प्रत्येक वाडीपर्यंत ती नेणं नजीकच्या काळात शक्य दिसत नाही.

कोकणात भूमिगत वाहिन्यांची चर्चा आहे ती चक्रीवादळांमुळे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमधले हजारो खांब आडवे झाले. त्याआधीपासूनच राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबागमध्ये भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेण्यात आलं होतं. हा पैसा साहजिकच किनाऱ्याकडे जातो. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत एबी केबलसाठी तरतूद आहे, पण तिचा मुख्य हेतू वीजगळती आणि तोटा कमी करणं हा आहे. आगीचा धोका हा निकष धरून वाहिन्या निवडल्या, तर त्याच पैशातून डोंगरातले काही टप्पे सुरक्षित होऊ शकतात.

व्हिक्टोरियानं आणखी एक मार्ग धरला. तार जमिनीला लागताच तिच्यातला दाब सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात खाली आणणारी उपकरणं त्यांनी उपकेंद्रांत बसवली, आणि तीही २२ हजार व्होल्टच्या जाळ्यावर. इथे ती लगेच येणार नाहीत, पण जमिनीत जाणारा थोडासा प्रवाहही ओळखणारं संवेदनशील संरक्षण हा मधला टप्पा आहे.

सरळ वीजच बंद ठेवली तर?

कॅलिफोर्नियात वाऱ्याच्या दिवशी तसं करतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे लाखो ग्राहकांची वीज मुद्दाम बंद ठेवली गेली आणि मोठा संताप झाला. महाड-पोलादपूरमध्ये एप्रिलच्या दुपारी वीज बंद म्हणजे नळपाणी योजनेचा पंप बंद, मोबाइल टॉवर बंद आणि पंख्याविना घरात म्हातारी माणसं. आग लागल्याचा फोनही मग लागणार नाही. त्यामुळे सरसकट वीज बंद ठेवणं हा इथला उपाय नाही. आग लागलीच, तर तेवढा भाग तात्काळ बंद करता येणं मात्र गरजेचं आहे. त्यासाठी वाहिनीवर मध्ये-मध्ये स्विच हवेत आणि ते चालू स्थितीत हवेत.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तारेची जमिनीपासूनची किमान उंची ठरलेली आहे. रस्ता ओलांडताना लघुदाबाची तार ५.८ मीटर आणि ३३ हजार व्होल्टपर्यंतची तार ६.१ मीटरवर हवी. रस्ता सोडून इतरत्र ११ हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार किमान ४.६ मीटर आणि त्यापुढे ३३ हजारांपर्यंतची ५.२ मीटर उंच हवी. हाताला लागेल इतकी खाली आलेली तार हा नियमभंग आहे.

झाडांबाबत विद्युत अधिनियमाचं कलम ६८ आहे. तारेला अडथळा ठरणारं झाड काढण्याचा आदेश कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनानं नेमलेला अधिकारी देऊ शकतो. झाड तारेच्या आधीपासून उभं असेल, तर मालकाला भरपाईही ठरवून देता येते. अनेकदा बागायतदार फांदी तोडू देत नाही आणि नंतर बागच जळते. भरपाईची ही तरतूद माहीत असेल तर हा वाद मिटू शकतो.

भरपाईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेशात तुटलेल्या तारेमुळे झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की वीजपुरवठा हा मुळातच धोकादायक व्यवसाय आहे, त्यामुळे वेगळा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी वीज मंडळाची जबाबदारी टळत नाही. तो निकाल जीवितहानीचा होता. मालमत्तेच्या दाव्यात आग तारेमुळेच लागली हे दाखवावं लागतं, आणि बहुतेक दावे तिथेच अडतात.

गावानं काय करावं?

आगीआधी: जानेवारीत ग्रामपंचायतीनं लोंबकळणाऱ्या तारा, वाकलेले खांब आणि गवतानं वेढलेल्या डीपींची यादी करावी. फोटो आणि खांबाचा क्रमांक जोडून ती महावितरणच्या शाखा कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर तक्रार केली तर तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कंपनीला धोका आधीच माहीत होता, हे दाखवायला पुढे तोच कामी येतो.

आग लागल्यावर: तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये आणि तारेवर पाणी मारू नये. आधी वीज बंद झाल्याची खात्री करावी, मगच विझवायला जावं. उच्चदाब वाहिनीखाली दाट धुरात उभं राहू नये. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.

आगीनंतर: जागा लगेच साफ करू नये. तारेवरच्या जळक्या खुणा आणि जमिनीवर पडलेले ॲल्युमिनियमचे मणी यांचे फोटो काढावेत. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, पोलिसांत नोंद करावी आणि विद्युत निरीक्षकाकडे अर्ज करावा. उपकेंद्रात फीडर किती वाजता ट्रिप झाला याची नोंद असते, ती माहिती अधिकारात मागता येते. ट्रिपची वेळ आणि आग दिसल्याची वेळ जुळली, तर तो भक्कम पुरावा ठरतो.

हा पुरावा दोन्ही बाजूंनी काम करतो, हेही लक्षात ठेवायला हवं. कुणीतरी मुद्दाम लावलेला वणवा तारेच्या नावावर खपवला जात असेल, तर तेही यातूनच उघड होईल. वायरमनला उगाच दोष मिळणार नाही आणि शेतकऱ्याला उगाच आरोपी ठरवलं जाणार नाही.

शिकारी, राब, विडी यांवरचं प्रबोधन वर्षानुवर्षं सुरू आहे आणि ते सुरूच राहायला हवं. पण माणसांच्या सवयी बदलायला पिढी जाते. डीपीखालचं गवत काढायला मात्र एक विळा आणि वीज बंद करून दिलेला अर्धा तास पुरतो, आणि तो जानेवारीत द्यायला हवा.